कारभारी बदलताना

बंद पडलेली पिकअप टोचन करून आळेफाट्यावरच्या माझ्या गॅरेजात आणली जाते, तेव्हा तिच्याबरोबर पुष्कळदा एक निकालही आलेला असतो: "ईसीएम गेलाय." हा निकाल कोणी व कशाच्या आधारे दिला याची चौकशी केली असता असे आढळते की, दिवे लागतात, सेल्फ फिरतो, टाकीत डिझेल आहे, आणि तरीही इंजिन सुरू होत नाही, एवढ्याच पुराव्यावर, इंजिनाचा कारभार चालवणारा जो इलेक्ट्रॉनिक डबा उघडून पाहता येत नाही त्याच्या माथी सारा दोष मारून मंडळी मोकळी झालेली आहेत. या व्यवसायात माझी तीस वर्षे गेली, आणि माझे मत असे बनले आहे की ईसीएमवर संशय घ्यावा तो सर्वांच्या शेवटी, आणि घेतल्यावर तो सिद्ध झाल्याखेरीज त्याला जागेवरून हलवू नये.

ज्या उस्तादांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांच्या काळी डिझेल इंजिनाला असा कारभारी नव्हता. वेग वाढला की पंपातल्या गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जात आणि डिझेल आपोआप कमी होई. उस्ताद पंपाच्या नळ्यांवर एकामागून एक बोटे ठेवीत, मान किंचित कलती करून ऐकत, आणि कोणत्या सिलिंडरला डिझेल पोचत नाही ते सांगत. पुढे सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल पुरवणारी कॉमन रेल आली. मोटारींमध्ये ती प्रथम १९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये आली. आमच्या भाजीपाल्याच्या गाड्यांपर्यंत पोचायला तिला बराच काळ लागला, आणि एप्रिल २०१७ मध्ये भारत स्टेज चारचे नियम देशभर लागू झाल्यानंतर तर तिच्यावाचून आमच्याकडे फारशी नवी गाडी येईनाशी झाली. आता रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बारपर्यंतच्या दाबाने कोंडलेले असते, आणि क्रँक कुठवर फिरला, पाण्याचे तापमान किती, चालकाने पेडल किती दाबले, या सर्वांच्या जबान्या क्षणोक्षणी घेऊन, कोणता इंजेक्टर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळापुरता कधी उघडावयाचा याचा हुकूम हा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा सोडतो. सेन्सरने खोटी साक्ष दिली तर हुकूमही चुकीचा सुटणार. त्यात कारभाऱ्याचा अपराध तो काय?

हे मला फार पूर्वीच उमगले होते असे नाही. कॉमन रेलच्या आरंभीच्या काळात एका शेतकऱ्याच्या गाडीचा ईसीएम मी बाद ठरवला. सेन्सरांना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा नाहीसा झाला होता, तो डब्यातूनच निघतो हे मला ठाऊक होते, आणि तेवढ्यावर मी निर्णय दिला. नवा डबा आला, बसला, आणि गाडी पूर्वीसारखीच मुकी राहिली. दोन दिवसांनी कळले की रेल प्रेशर सेन्सरची तार एका क्लँपखाली घासून उघडी पडली होती व इंजिनाला टेकत होती. डबा स्वतःला वाचविण्यासाठी पुरवठा तोडून बसला होता. दोन इंच टेपचे काम होते. त्या माणसाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि म्हणूनच त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

गेल्या पावसाळ्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून एक पिकअप आली. इंजिन तापले की अकस्मात बंद पडे, निवले की पुन्हा चालू होई, असे आठवडाभर चालले होते. शेवटी माळशेजच्या अलीकडे ती जी थांबली ती थांबलीच. मालक तरुण होता. म्हणाला, "मिस्त्री, बॉक्स गेलाय म्हणतात. नवा टाका आन् मला सोडा, परवा वाशीला माल पोचवायचाय." मी त्याला बाकावर बसवले व चहा सांगितला.

मीटरची सुई असो वा आकडा, तो विजेचा दाब दाखवतो. त्या दाबामागे बळ आहे की नाही हे दाखवत नाही. एकच धागा शिल्लक राहिलेली तारही मीटरवर बारा व्होल्ट दाखवते. म्हणून मी हेडलाइटचा जुना बल्ब दोन तारा लावून जवळ ठेवला आहे, आणि ईसीएमच्या कप्लरवर पुरवठा व अर्थ यांची परीक्षा मी या बल्बाने घेतो. या गाडीत तो लख्ख पेटला. मग कॅनच्या, म्हणजे गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमधला रोध मोजला. बॅटरी सोडवून मोजल्यास तो साठ ओहम भरावा लागतो, कारण एकशेवीस ओहमचे दोन रोध दोन टोकांना समांतर जोडलेले असतात. तोही बरोबर भरला. पाच व्होल्टच्या जागी मात्र एक व्होल्टही नव्हता. पूर्वीची चूक स्मरून मी त्या तारेवरचे सेन्सर एकेक करून सोडवले, फरक नाही. शेवटी कप्लरमधून त्या तारेची पिनच काढली, तिच्या जागी एक सुटी पिन बसवली, म्हणजे गाडीतल्या वायरिंगचा डब्याशी त्या बाजूने संबंधच उरला नाही, आणि पुन्हा मोजले. डबा एकटा असतानाही पाच व्होल्ट देत नव्हता. आता त्याच्याविरुद्ध निकाल देण्यास माझी हरकत नव्हती.

परंतु तो का गेला हे कळल्यावाचून नवा बसविणे म्हणजे दुसऱ्याचा बळी देणे. कप्लरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या असतील म्हणून मी भिंग लावून पाहिले. पिना स्वच्छ होत्या. मग गाडीभोवती एक फेरी मारली. हौद्यावर लोखंडी जाळी नवी होती, जोडांवरचा रंग अजून ताजा.

"ही कधी केलीत?"

"झाले की तीन आठवडे. कॅरेट जास्त बसावेत म्हणून."

"वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढली होती?"

"नाही बुवा. कोण काढतंय?"

वेल्डिंगचा प्रवाह शंभर अँपिअरच्या वरचा असतो. त्याची अर्थ लांब कुठेतरी चासीला लावली, तर परत जाताना तो सापडेल त्या वाटेने जातो, आणि त्या वाटांमध्ये ईसीएमची अर्थही असू शकते. डबा दर वेळी तत्काळ मरतोच असे नाही. कधी आत कुठेतरी जखमी होतो, आणि मग उष्णता वाढेल तसतसा हार खातो. याहून सबळ कारण मला त्या गाडीत सापडले नाही.

नवा डबा आला तो लेबलावरचा क्रमांक जुन्याशी अक्षरशः जुळवून घेतलेला, पण कोऱ्या दप्तरासारखा. त्याला ना चासी नंबर ठाऊक, ना किल्लीची ओळख, ना इंजेक्टरांचा स्वभाव. चारही इंजेक्टर एकाच कारखान्यातून आलेले असले तरी प्रत्येकाची डिझेल सोडण्याची मात्रा केसभर वेगळी असते. कारखान्यात ती मोजून तिचा संकेत त्याच्या डोक्यावर कोरलेला असतो, आणि तो नव्या डब्यात लिहिला नाही तर इंजिन स्लोला थरथरते, ठोकते, धूर सोडते. ते संकेत उतरवून घेण्याचे काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही. फडके डिझेलमध्ये भिजवून काजळी पुसायची, छोटा आरसा आत धरून उलटी अक्षरे वाचायची, इंग्रजी बी आहे की आठ आहे हे नखाने चाचपून ठरवायचे, आणि दोनदा वाचून कागदावर लिहायचे. चौथ्या इंजेक्टरपाशी माझा अर्धा तास गेला.

पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलाने प्रोग्रॅमिंगला आरंभ केला, तेव्हा गाडीची बॅटरी दुसऱ्या भरलेल्या बॅटरीशी समांतर जोडलेली होती. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने केवळ चार्जरवर मी विसंबत नाही. लिहिणे चालू असताना पुरवठा तुटला तर नवा डबा जन्मतःच मृत होऊ शकतो. दरवाजे बंद, दिवे बंद, पंखा बंद. त्या वीस मिनिटांत गॅरेजात कोणी बोलत नाही, हा आमचा रिवाज आहे.

सेल्फ नेहमीपेक्षा थोडा अधिक फिरला, मग इंजिनाने धाव घेतली. स्कॅनरवर रेलचा दाब स्लोला पावणेतीनशे बारच्या आसपास स्थिरावला. गाडी पूर्ण तापेपर्यंत तासभर चालू ठेवली, आणि मगच किल्ली मालकाच्या हाती दिली. त्याची वाशीची खेप मात्र चुकली होती.

वाचकांपैकी कोणाची अशी गाडी असेल तर माझी एवढी विनंती आहे. हौद्याला, चासीला, अगदी मागच्या बंपरला जरी वेल्डिंग करावयाचे असले, तरी आधी किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, ईसीएमचे कप्लर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी शेजारी लावायला सांगा. कारागीर घाईत असला तरी थांबवा. या सगळ्याला एक पाना आणि पाच मिनिटे लागतात.