शिफारशींच्या आधीची पानं

पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो तेव्हा विद्यार्थ्यांच्या अभ्यास प्रकल्पाचं पत्र आलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. विश्रामगृहातली खोली बघा, सरपंचांना फोन लावा, गाडीची सोय करा, आणि वर्षअखेरीस येणाऱ्या जाडजूड अहवालासाठी कपाटात जागा करा. त्या अहवालाचं शेवटचं प्रकरण मी न उघडता सांगू शकायचो. सामर्थ्याच्या रकान्यात गुहागरचा सहा किलोमीटरचा किनारा, व्याडेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर. उणिवांच्या रकान्यात रस्ते. मग शिफारशी: कोकमाला ब्रँड हवा, घरगुती निवास-न्याहारी वाढवा, तरुणांना प्रशिक्षण द्या. आमचा शिपाईसुद्धा ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवायचा आणि वर विचारायचा, "साहेब, यात आपल्याला ठाऊक नव्हतं असं काय हो?"

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कृषिदूत आणि कृषिकन्याही गावोगाव यायच्या. देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायच्या, गाव कौतुकाने भोवती जमायचं. त्यांचा मला कधी राग आला नाही. ती शिकायला आलेली पोरं, आणि तसं सांगूनच आलेली. राग होता तो शिकता शिकता आम्हाला सल्ला देऊन जाणाऱ्यांचा.

त्या रागाचं मूळ गुहागरातच होतं. सल्लागार आणि त्यांचे अहवाल म्हणजे काय, हे आमच्याइतकं जवळून फार कमी तालुक्यांनी पाहिलं असेल. 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीज प्रकल्पासाठी राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. एवढी वीज, तीही इतकी महाग, परवडणार नाही म्हणून जागतिक बँकेने 1993 मध्ये कर्ज द्यायला नकार दिला. तरी अंजनवेलला प्रकल्प उभा राहिला, 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी मागणीच्या फुगवलेल्या अंदाजावर बोट ठेवलं. पुढे 2005 मध्ये तो प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी आली, तो वेगळा इतिहास. मी त्यातून काढलेला निष्कर्ष सोपा होता: बाहेरून येऊन कागद रंगवणाऱ्यांना चार हात लांब ठेवावं. ते सगळं प्रकरण मागणीच्या एका आकड्यावर उभं होतं आणि तो आकडा वेळीच कुणी तपासायला हवा होता, ही बाजू माझ्या डोक्यात आलीच नाही.

ती आली एका नळपाणी योजनेमुळे, आणि मुंबईच्या एका संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विदर्भातल्या मुलीमुळे. गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्यात कुठेही खपेल अशी गोष्ट आहे. खाली वहाळाच्या कडेला विहीर, तिथे पंप, मधल्या वाडीत टाकी आणि वर सड्यावर शेवटची वाडी. सड्यावरच्यांची तक्रार, पाणी येत नाही. कार्यालयाचं उत्तर, योजना पूर्ण आहे, वॉलमन नीट सोडत नाही. वॉलमनचं म्हणणं, खालचे लोक नळाला मोटर लावतात. तिघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून भांडण वर्षानुवर्षं टिकलं होतं.

या मुलीने कुणाला सल्ला दिला नाही. ती वॉलमनच्या मागून पाइपलाइन चालत गेली. प्रत्येक वाडीतल्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवायची, मोबाइलवर वेळ लावायची, वहीत लिहायचं. खालच्या वाडीत बादली बघता बघता भरे. सड्यावर ती भरेपर्यंत बाई धुणं वाळत घालून परत येई. मग तिने टाकीची उंची घेतली, नळांची घेतली. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब, हे गणित शाळेतलंच. टाकीचा तळ आणि सड्यावरचे नळ जवळजवळ एकाच पातळीवर होते. टाकी भरलेली असताना पाणी कसंबसं चढे, अर्धी झाली की संपलं. वॉलमन देवमाणूस असता तरी त्याच्या हातात काही नव्हतं.

"काका, टाकी इथेच का बांधली?" तिने मला विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. तालुक्यात सगळ्यांना माहीत असतं. टाकीला जागा लागते, जागा बक्षीसपत्राने मिळते, आणि ज्याने दिली त्याच्या जमिनीत टाकी उभी राहते. अंदाजपत्रकात ही गोष्ट कुठल्याच ओळीत बसत नाही. आम्हाला ती इतकी माहीत होती की लिहून ठेवावी असं कुणाला वाटलं नव्हतं. तिच्या अहवालात ती एका वाक्यात, उंचीच्या तक्त्याखाली आली, आणि तक्त्याशी भांडता येईना.

दुसरा आकडा तिने मोजलेल्या माणसांचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. योजना आखली जाते जनगणनेच्या लोकसंख्येवर, पुढच्या वर्षांची वाढ धरून. कोकणात या पद्धतीचा बोजवारा उडतो. समजा चारशे माणसांची वाडी. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापाने दिवसाला 22,000 लिटर पुरेत. पण मे महिन्यात चाकरमानी उतरले, बंद घरांची कुलपं निघाली, लग्नं लागली, की तीच वाडी दुप्पट होते. बाकी वर्षभर गरजेपेक्षा मोठी वाटणारी योजना नेमकी मे महिन्यात तोकडी पडते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात टँकर का लागतो, असं बाहेरची माणसं विचारतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं या कुलपांत आहे. आणि ज्या पर्यटनाच्या शिफारशी मी वर्षानुवर्षं कपाटात कोंबत होतो, त्याचाही हंगाम मेच. ज्या घरात पाहुणे उतरवायचे त्याच घरात तेव्हा हंडा-कळशीची ओढाताण. रोजगार वाढवा म्हणणाऱ्या एकाही अहवालात मला हे वाचल्याचं आठवत नाही.

आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञान केंद्रात 2007 पासून तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक करता येतं आणि तिथली मुलं पहिल्याच उन्हाळ्यात गावात मुक्कामाला जातात, हे मला फार उशिरा कळलं. कर्जतच्या उत्तर भागातल्या वाड्यांसाठी प्रादेशिक नळपाणी योजना परवडेल का, याचा हिशेब तिथल्या विद्यार्थ्यांनी मांडला होता. पुढे 2016 च्या जानेवारीत शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियानाचा निर्णय काढला: जिल्हा प्रशासनाने प्रश्न द्यावेत, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांचा अभ्यास करावा. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्येही सार्वजनिक धोरणाच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी एखाद्या खात्याचा किंवा संस्थेचा खरा प्रश्न हातात घ्यावा लागतो. म्हणजे खरा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची कल्पना नवी नाही. आमच्या तालुक्यात वेळणेश्वरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; मी नोकरीत असताना तिथल्या मुलांना लांबून बसथांब्यावर पाहायचो, एवढाच संबंध.

मुलांना अनुभव नसतो, हा माझा जुना आक्षेप मी मागे घेतलाय. शाखा अभियंत्याकडे इतकी गावं असतात की योजना हस्तांतरित झाल्यावर बादली घेऊन कोण परत येणार? त्याला पुढचं अंदाजपत्रक द्यायचं असतं. शिवाय टाकीच्या जागेबद्दल लिहिलं तर बदली होऊ शकते, हेही तो जाणून असतो. विद्यार्थ्याला बदलीचं भय नाही, आणि गावात सर्वांना माहीत असलेलं त्याला माहीत नसतं म्हणून तो विचारतो.

एक आक्षेप मात्र कायम आहे, आणि तो मुलांपेक्षा आमच्यासारख्या कचेऱ्यांवर जास्त आहे. आम्ही पत्रात विषय लिहितो "तालुक्याचा सर्वांगीण विकास", मग सर्वांगीण उत्तर येतं. त्या मुलीच्या अहवालातही शेवटी शिफारशींचं प्रकरण होतंच, विद्यापीठाला लागतं म्हणून. त्यात कोकम होतं. मी हसलो, तीही हसली. दुसरी अडचण वेळापत्रकाची. पाणी मोजायचं तर एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच परीक्षा. डिसेंबरात केलेली मोजणी वहाळ वाहत असतानाची. तिच्यावर विसंबून काही ठरवलं तर पुन्हा तोच फुगा, फक्त लहान.

तक्त्यांवरून काय झालं, तर सड्यासाठी वेगळी छोटी टाकी मागणारा ठराव ग्रामसभेने केला आणि पाणीपट्टीचा विषय निघाला. वर्षभर बंद असलेल्या घराने मेमधल्या पाण्यासाठी किती भरावं? मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने लगेच बैठक घेऊन विचारलं, आमची माणसं मोजायला त्या मुलीला कुणी सांगितलं? सांगितलं कुणी नव्हतं. आता मी सांगतोय. पुढच्या तुकडीसाठी ग्रामपंचायतीला एका पानाचं पत्र लिहून दिलंय: मे महिन्यात रोज संध्याकाळी दिवे लागलेली घरं, त्यांतली माणसं आणि टाकीतली पातळी, एवढंच मोजा. मुक्कामाची सोय माझ्या पडवीत.