भरल्या टांकीचा उपास

मोटारीच्या शर्यतीविषयीं आमच्यासारख्या पंतोजीनें लेखणी उचलावी, हें पाहून वाचकांस हसूं येईल. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची. त्यापलीकडे जें कांहीं मिळविलें तें वडिलांपाशीं बसून केलेल्या तर्कसंग्रहाचें. पण गेल्या जत्रेच्या सुमारास आमच्या मसुऱ्याच्या घरीं जो प्रकार घडला, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास नोकरीस असतो. त्याला नाद लागला पाव मैलाच्या शर्यतीचा. दोन मोटारी शेजारीं उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि ४०२ मीटर सरळ धांवून जी आधीं पोंचेल ती जिंकते. हा खेळ अमेरिकेंत वाढला. तेथें त्याची मोठी संस्था १९५१ सालीं निघाली. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. चिरंजीवांनीं पगारांतून एक जुनी मारुती झेन घेतली, मागची बैठक काढून वजन उतरविलें, मूळच्या टांकीच्या जागीं लहानशी टांकी बसविली, आणि पुण्यास जागा नाहीं म्हणून पावसाळाभर गाडी आमच्या मांगरांत ठेवली. हिवाळ्यांत शर्यतीस नेली, तों ती मध्येंच गुदमरून मागें राहिली.

बंधूंनीं मुलाशीं बोलणें टाकलें. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेस तो आला, तेव्हां ते आम्हांस म्हणाले, "दादा, तुम्हीच सांगा त्याला. ती गाडी विकून टाक म्हणावें."

आम्ही मांगरांत गेलों तें हाच उपदेश करावयास.

"काका, प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी बदलली, पंप नवा घातला, कार्बुरेटर उकलून धुतला. उभी असतां कितीही रेस द्या, तक्रार नाहीं. तिसऱ्या गियरांत गेली कीं दम सोडते."

"हें सगळें केव्हां बदललेंस?"

"एकाच दिवशीं. त्या संध्याकाळीं सुरेख धांवली, म्हणून तर शर्यतीस नेली."

आमचे आजोबा वैद्यकी करीत. आयुर्वेदांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत. त्यांतलें एक उपशय. लक्षणें गूढ असलीं तर औषध देऊन पाहावें, आणि उतार पडतो कीं विकार बळावतो यावरून रोग ओळखावा. पण चार काढे एकदम पाजले, तर उतार कशानें पडला हें धन्वंतरीसही सांगतां यावयाचें नाहीं. आम्हीं त्यास शाळेची एक वही दिली. विकण्याची गोष्ट तशीच राहिली.

सार्वजनिक रस्त्यावर हा उद्योग करूं नये, म्हणून सड्यावरील एका आप्तांच्या बंद चिरेखाणीचा खाजगी रस्ता मागून घेतला. दोन दिवसांत नऊ वेळां गाडी धांवली. दर खेपेस एकच गोष्ट बदलावयाची आणि सर्व कांहीं टिपावयाचें, असा नेम. वही वाचतांना चमत्कारिक गोष्ट दिसली. टांकी कांठोकांठ भरली असली म्हणजे गाडी गुदमरे. निम्मी असली म्हणजे नीट शेवटास जाई. भरल्या ताटावर बसून उपाशी राहावें, तसा प्रकार! आम्हांस उलगडा होईना. चिरंजीव मात्र ताडकन् उठला.

ठिणगीचा दोष असता, तर टांकी भरली काय आणि निम्मी काय, सारखेंच. तेलाच्या डब्यास एकच भोंक पाडलें तर तेल गचके खात येतें. दुसरें पाडलें कीं धार लागते, हें घरोघरच्या गृहिणींस ठाऊक आहे. पेट्रोल बाहेर जावयाचें तर हवा आंत आली पाहिजे. निम्म्या टांकींत मुळांतच हवा पुष्कळ, म्हणून तेवढ्या धांवेंत उणीव भासत नाहीं. भरलेल्या टांकींत हवा चिमूटभर, ती ताणली जाते आणि पंपास पेट्रोल ओढवत नाहीं. गाडी गुदमरतांच त्यानें झांकण सैल केलें. 'सुस्' करून हवा आंत शिरली. हवेच्या नळींत कुंभारीण माशीनें घर बांधलें होतें! पेट्रोल पाहावयास झांकण उघडलें, कीं रोग तेवढ्यापुरता पळे. मग तो सांपडणार कसा?

नळी साफ झाली, गाडी भरल्या टांकीनें शेवटपर्यंत धांवली. आम्हीं म्हटलें, "झालें!"

"नाहीं काका. नळींत बूच घालून पुन्हा पाहतों. गुदमरली तरच खरें."

गुदमरली. बूच काढलें, धांवली. स्वयंपाकघरांत धूर तेथें अग्नि, आणि डोहांत अग्नि नाहीं म्हणून धूरही नाहीं, असा अन्वय-व्यतिरेक आम्ही जन्मभर घोकला. तो करून पाहिला या पोरानें.

हाच मुलगा चौथींत आमच्या वर्गांत असतां "गुरुजी, हें कशावरून?" असें विचारी, आणि आम्ही त्यास बांकावर उभा करीत असूं. छडी, शिकवणी, पहिली रांग असे सर्व उपाय आम्हीं त्याच्यावर एकदम केले. पुढें तो सुधारला. कशानें, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. कदाचित् तो बिघडलाच नव्हता. हें त्याच्यापाशीं बोलून दाखविण्यास आम्हांस आणखी एक दिवस लागला. तो हंसला व वही पुढें करून म्हणाला, "तारीख घाला, काका."

असो. सकाळीं बंधु पक्कड घेऊन मांगरांत आले. माशी पुन्हा शिरूं नये म्हणून त्यांनीं नळीच्या तोंडास तलम जाळीचा तुकडा स्वहस्तें बांधला. तेव्हांपासून घरांतली चहाची एक गाळणी दिसत नाहीं. तिची चौकशी कोणीही करीत नाहीं.