नाव नंतर, मॅगझिन आधी

जुनं पिस्तूल घ्यायला आलेला परवानाधारक आधी नाव विचारतो. वेब्ली आहे का, वॉल्थर मिळेल का, एखादं कोल्ट आलंय का? शस्त्रदुरुस्तीत माझी हयात गेली, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. अंगावर बाळगायच्या पिस्तुलाकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात. नको तेव्हा ते उडता कामा नये आणि हवं तेव्हा उडलंच पाहिजे. स्लाइडवर कोरलेलं नाव यातल्या एकाचीही हमी देत नाही.

नावाचं वेड लागलं त्याला कारण आहे. ९ मिलिमीटर आणि .४५ हे बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. खिशातल्या पिस्तुलासाठी मुख्यतः .३२, म्हणजे ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग हेच काडतूस उरतं. त्यात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद झाली. त्याआधी देशात आलेली परदेशी पिस्तुलंच या हातातून त्या हातात फिरत राहिली आणि दुर्मीळ म्हणून त्यांचे भाव चढत गेले. या भावाचा आतल्या स्प्रिंगच्या तब्येतीशी काडीचाही संबंध नसतो.

पिस्तूल हातात घेण्याआधी कागद बघावा. फ्रेमवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर अंकन् अंक जुळला पाहिजे. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा जाड मुलाम्याखाली दडलेला दिसला तर तिथेच नमस्कार करावा, कारण ओळखखूण नसलेलं शस्त्र विकणंही गुन्हा आहे. खासगी मालकाकडून व्यवहार असेल तर १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार विकणाऱ्याने शस्त्राचं वर्णन आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ही मुदत चुकवून ‘आधी घेऊन जा, कागद नंतर बघू’ म्हणणाऱ्याचं शस्त्र कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

मग मॅगझिन. पिस्तूल अडकल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडून मी आधी मॅगझिन मागून घेतो, कारण दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. त्याच्या तोंडाशी पत्र्याचे दोन आत वळलेले ओठ असतात. काडतूस किती कोनात वर येणार आणि केव्हा सुटणार हे तेच ठरवतात. मॅगझिन एकदा फरशीवर पडलं तरी ओठ किंचित फाकतात. ते डोळ्यांना जाणवत नाही, बोट फिरवलं की कळतं.

.३२ला आणखी एक खोड आहे. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा जराशी रुंद असते. मॅगझिन भरताना किंवा चालताना हादरे बसून वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. स्लाइड कितीही ओढली तरी काडतूस पुढे सरकत नाही. मॅगझिन बाहेर काढून हाताने सोडवण्यावाचून इलाज उरत नाही आणि अंगावर बेतलेल्या क्षणी तेवढा वेळ कोणी देत नाही. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस नीट मागे सारावं आणि वरच्याची कड खालच्याच्या पुढेच आहे ना हे बघावं. पूर्ण लांबीची, गोल नाकाची काडतुसंच वापरावीत. आखूड गोळीच्या काडतुसाला आत हलायला जागा मिळते आणि ही अडचण वाढते.

स्पेनमधल्या एइबारच्या जुन्या पिस्तुलांबद्दल मी सावध असतो तोही मॅगझिनमुळेच. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी तिथल्या अनेक छोट्या कारखान्यांनी ‘रूबी’ धर्तीची पिस्तुलं बनवली. दिसायला सारखी, पण एकाचं मॅगझिन दुसऱ्यात चालेलच असं नाही. मॅगझिन मूळचं नसेल तर असलं पिस्तूल कपाटात शोभतं, कमरेला नाही.

आता स्प्रिंग. या वर्गातली बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची. नळी आणि स्लाइड यांना एकत्र जखडणारं कुलूप त्यांत नसतं. धक्का झेलतात ती स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग. स्प्रिंग बसली की स्लाइड फ्रेमवर आपटायला लागते आणि कालांतराने फ्रेमला चीर जाते. वेब्ली अँड स्कॉटच्या .३२मध्ये ही स्प्रिंग इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची असून मुठीच्या उजव्या फळीखाली बसते. ती मोडली तर तशीच दुसरी मिळणं कर्मकठीण. लंडनच्या पोलिसांनी वापरलेलं हे दणकट पिस्तूल आहे, पण फळी उघडून स्प्रिंग बघितल्याशिवाय मी कोणाला ‘घ्या’ म्हणत नाही.

सुरक्षेची तपासणी पिस्तूल पूर्ण रिकामं करूनच करायची. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये नजर आणि बोट दोन्ही घालायचं. हा क्रम कधीही उलटू नये. घोडा चढवून सेफ्टी लावावी आणि चाप जोरात ओढावा. मग चाप सोडून सेफ्टी काढावी. त्या क्षणी घोडा पडला तर त्याला अडवून धरणारा आतला सिअर झिजला आहे. नंतर चाप दाबून धरून स्लाइड ओढून सोडावी. घोडा स्लाइडबरोबर खाली आला तर ते पिस्तूल एका दाबात अनेक गोळ्या झाडू शकतं. फायरिंग पिनचं टोक विसावलेल्या स्थितीत बाहेर डोकावता कामा नये. लेथवर घरगुती अंदाजाने कातलेल्या पिना हमखास लांब निघतात.

कोल्टचं १९०३चं मॉडेल जॉन ब्राउनिंगच्या हातचं. जवळजवळ पावणेसहा लाख नग निघाले. कडा गुळगुळीत आणि घोडा आत झाकलेला, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. मुठीला वेगळी सेफ्टी आहे, पण पडल्यावर पिन अडवणारी यंत्रणा नाही. ते चेंबर रिकामं ठेवूनच बाळगावं. १९२९चं वॉल्थर पीपी आणि त्याचं धाकटं भावंड पीपीके यांत सेफ्टी लावली की चढलेला घोडा खाली येतो. ही सोय जुनी झाल्यावर भरल्या चेंबरवर आजमावून बघू नये. ज्याला संग्रह करायचा नाही, फक्त बाळगायचं आहे, त्याला मी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं कमी वापरलेलं ‘अशनि’ सुचवतो. हातात ते रुबाबदार वाटत नाही, पण सुटे भाग देशात मिळतात आणि माझ्या लेखी भरवशाचा अर्धा भाग तोच आहे.

उरतो गंज. नळीतून उजेडाकडे बघताना आटे धारदार दिसले पाहिजेत. मध्येच काळी गोल सावली दिसली तर तिथे नळी फुगली आहे. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलेलं पिस्तूल ओल धरतं. निवडणुकीच्या काळात जमा केलेलं शस्त्र महिनोन् महिने विनातेलाचं पडून राहतं, म्हणून परत मिळाल्याच्या दिवशीच ते उघडून पुसावं. आणि दसऱ्याला पूजेत ओलं हळदकुंकू थेट स्लाइडवर लावू नये. ते फटीतून आत उतरतं आणि वर्षभर ओलावा धरून ठेवतं. म्यानावर वाहिलेली फुलंही पूजाच असतात.

एवढं सगळं पार पडल्यावर परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन, रोज बाळगणार त्याच मॅगझिनमधून, रोज भरणार तीच काडतुसं झाडावीत. मॅगझिन पाच-सहा वेळा भरून रिकामं होईपर्यंत एकदाही अडखळलं नाही, तर पैसे मोजावेत. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते म्हणून अनेक जण ही चाचणी टाळतात आणि नंतरही वर्षानुवर्षं एक गोळी झाडत नाहीत. ज्याला सरावाला वेळ काढायचा नाही, त्याने पिस्तूल बाळगूच नये असं मी तोंडावर सांगतो. त्यामुळे गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. बिघडलेलं पिस्तूल मी दुरुस्त करू शकतो, पण न सरावलेल्या हातातून सुटलेली गोळी मला परत आणता येत नाही.