गिऱ्हाइकाची भाषा

देवळ्यातील माझे विद्यार्थिजीवन आणि पुढील अध्यापनाची वर्षे ज्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या सहवासात गेली, त्यांच्या क्रियापदांआड एक संपूर्ण अर्थनीती दडलेली आहे, हे माझ्या ध्यानी फार सावकाश आले. पाचवीत इंग्रजी सुरू होऊन मेज, खुर्ची, पेन्सिल यांची ओळख सरली की संवादांचे धडे लागत, आणि त्यांतील माणसे सदैव काहीतरी विकत घेत असत: दुकानात शिरावे, अदबीने किंमत विचारावी, घासाघीस न करता पैसे चुकते करावे आणि आभार मानून बाहेर पडावे. पुस्तकाबाहेर, उन्हाळ कांदा घेऊन वडिलांबरोबर लासलगावच्या बाजारात जावे, तर तेथे व्यापारी ढिगातला एखादा कांदा उचलून अंगठ्याने त्याची पत्ती दाबून पाही, बोली रुपया-दोन रुपयांनी सरकत जाऊन कोठेतरी थांबे, आणि ज्याचा माल तो मात्र टोपी सावरीत मुकाट उभा असे; हिशेबपट्टीतून आडत, हमाली, तोलाई वजा जाता उरेल तेवढे त्याचे.

वरच्या इयत्तांत पत्रलेखन आले. पुस्तकविक्रेत्याकडे मागणी, सदोष मालाची तक्रार आणि नोकरीचा अर्ज हे नमुने आम्ही घोकले, व पुढे मीही ते घोकवून घेतले. परंतु आपल्याजवळचा माल, त्याची प्रत आणि त्याचा दर कळविणारे पत्र मला कोणत्याही इयत्तेत आढळले नाही. पुढे 1854 चा वुडचा खलिता वाचनात आला. हिंदुस्थानात शिक्षणाचा प्रसार झाला म्हणजे विलायतेतील कारखान्यांना लागणाऱ्या जिनसांचा पुरवठा वाढेल, तो अधिक खात्रीचा होईल आणि तिकडच्या पक्क्या मालाला जवळजवळ अखंड मागणी राहील, असा हिशेब ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी त्या दस्तऐवजात निःसंकोच मांडला आहे. आमच्या पत्रनमुन्यांतून विकणारा का गळाला असावा, याचा मला तेव्हा थोडा उलगडा झाला.

2000 साली महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले, म्हणजे गिऱ्हाइकाचे वय चार वर्षांनी अलीकडे आले. आता नात नाशिकला जर्मन शिकते. तिच्या पुस्तकात सुपरमार्केटचे सवलतीचे पत्रक छापले आहे, आणि दूध-पावाच्या जोडीने किलोचा दर लावलेला कांदाही त्यात आहे. तो पिकविणारा मात्र त्या धड्यात कोठेच नाही.

पुतण्याची द्राक्षे हॉलंडला जातात. मण्यांचा आकार, गोडी, औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल आणि पेटीमागचा दर तो तिकडच्या खरेदीदाराला इंग्रजीत लिहून कळवितो, दर पडू लागला तर नम्रपणे नकारही देतो. त्याचे व्याकरण अधूनमधून चुकते. तरीही पाठ्यपुस्तक मंडळाने एकदा त्याचा पत्रव्यवहार मागवून घ्यावा आणि त्यातला एक नमुना दहावीच्या पुस्तकात, नोकरीच्या अर्जाच्या आधी, छापावा, असे मला वाटते.