थोडे थोडे विकावे की एकदम?

मार्च महिना आला की शाळेच्या स्टाफरूममध्ये इन्कमटॅक्सच्या गप्पा रंगतात. बोलता बोलता विषय शेअर्सवर येतो आणि कोणीतरी विचारतेच, “विकायचे असतील तर एकदम विकावेत की थोडे थोडे?” आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एकाचा विषय उर्दू, दुसऱ्याचा मराठी. बाजाराचे जाणकार आम्ही नव्हेत. पण हा प्रश्न आमच्या घरात एकदा असा येऊन बसला होता की त्याचे उत्तर शोधल्याशिवाय सुटका नव्हती.

अम्मींनी बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या पाटल्या मोडल्या आणि पैसे आमच्या हातात ठेवले. म्हणाल्या, “हे हजचे आहेत. अमानत समजा.” बँकेचे व्याज त्यांना नको होते. म्हणून दारू, जुगार आणि व्याजाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या दोन कंपन्यांचे शेअर्स आम्ही घेतले. अल्लाहच्या कृपेने पैसे वाढले.

2020 च्या सुरुवातीला अम्मींचे आणि भाईजानचे नाव हजच्या कुर्‍यात निघाले. घरात ईदच झाली. पैसे हप्त्यांनी भरायचे होते, म्हणून आम्ही ठरवले की शेअर्सही तीन भागांत विकायचे. सेन्सेक्स तेव्हा 42 हजारांच्या आसपास होता. पहिला भाग चांगल्या भावात गेला. उरलेले आणखी वाढतील असे वाटले.

फेब्रुवारीत भाव उतरू लागले. दुसरा भाग विकायची वेळ झाली तेव्हा आम्ही म्हणालो, “थोडे वर येऊ दे, मग विकू.” आठवड्याभराने भाव आणखी खाली होते आणि आम्ही पुन्हा तेच म्हणालो. हप्त्याची तारीख मात्र आमच्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी मामूंकडून कर्जे-हसना घेऊन पैसे भरले.

मग 23 मार्च उजाडला. सकाळीच बाजार 10 टक्के कोसळला आणि व्यवहार 45 मिनिटे बंद ठेवावे लागले. पुन्हा सुरू झाल्यावर घसरण वाढतच गेली. त्या एका दिवसात सेन्सेक्स 3,900 हून अधिक अंकांनी, म्हणजे सुमारे 13 टक्के पडला आणि 26 हजारांच्या खाली बंद झाला. अम्मींच्या उरलेल्या शेअर्सची किंमत जवळजवळ निम्मी झाली होती. त्या रात्री जेवताना अम्मींनी साधेपणाने विचारले, “पैसे ठीक आहेत ना?” आम्ही “हो” म्हणालो. ते खोटे होते आणि आजही मनाला टोचते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. जूनमध्ये त्या वर्षी बाहेरच्या देशांतील लोकांना हजला जाता येणार नाही असे जाहीर झाले. भरलेली रक्कम परत आली. मामूंचे पैसे फेडले. नोव्हेंबरात सेन्सेक्स पुन्हा 42 हजारांवर पोहोचला. शेअर बाजारात रोज उलाढाल करणारे आमचे एक सहकारी म्हणाले, “बघा, विकले नाहीत तेच बरे झाले.”

आम्हाला ते पटले नाही. हज ठरल्याप्रमाणे झाला असता तर बाकीचे हप्ते भरायला आणि मामूंचे कर्ज फेडायला ते शेअर्स निम्म्या भावातच विकावे लागले असते. आम्ही वाचलो, पण आमचा निर्णय बरोबर होता म्हणून नव्हे.

याच सहकाऱ्यांशी मग बरीच चर्चा झाली. त्यांची पद्धत अशी की भाव ठरलेल्या टप्प्यावर आला की एक भाग विकायचा, आणखी चढला की दुसरा, आणि उरलेल्याला स्टॉपलॉस लावायचा. सर्वात वरचा भाव कोणालाच आधी कळत नाही. विभागून विकले की सरासरी भाव मिळतो आणि पस्तावाही कमी होतो. यात तथ्य आहे.

पण दुसरी बाजू वहीवर मांडून पाहिली. समजा 100 शेअर्स घेतले. भाव 10 रुपये वाढताच 50 विकले. उरलेले 50 मूळ भावाला परत आले आणि तिथेच विकावे लागले. नफा झाला 500 रुपये. आता उलट, भाव 10 रुपयांनी पडला आणि सगळे 100 तोट्यात विकले, तर नुकसान 1,000 रुपये. म्हणजे नफा अर्ध्या मालावर आणि तोटा पूर्ण मालावर. असेच वारंवार घडत गेले तर हिशेब उलटाच जाणार. शिवाय स्टॉपलॉस लावला तरी त्याच भावाला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसते. 23 मार्चला ते सर्वांनीच पाहिले. हिशेब पाहून सहकारी हसले. म्हणाले, “तोटा होताना मीही एकदमच बाहेर पडतो. तुकडे फक्त नफ्यात करायचे, आणि तेही शिस्तीने.”

शिस्त हाच शब्द आमच्याकडे कमी पडला होता. आम्ही थोडे थोडे विकत होतो असे आम्हाला वाटत होते. खरे तर एकदा विकले आणि नंतर नुसती टाळाटाळ केली. पुढचा भाग कोणत्या तारखेला विकायचा हे कागदावर लिहून ठेवले असते तर “थोडे वर येऊ दे” म्हणायला जागा उरली नसती.

2021 मध्येही बाहेरच्यांसाठी हज बंद होता. 2022 मध्ये सुरू झाला, पण 65 वर्षांखालील लोकांसाठीच. अम्मी 66 वर्षांच्या होत्या. कागद हातात धरून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बुलावा आला की जाऊ.” 2023 मध्ये ती अट निघाली. फॉर्म भरला त्याच आठवड्यात आम्ही अम्मींचे सगळे शेअर्स एका दिवसात विकून टाकले. तेव्हा सेन्सेक्स 60 हजारांच्या आसपास होता. डिसेंबरात तो 70 हजारांवर गेला. सहकाऱ्यांनी आठवण करून दिलीच. पण तोवर अम्मी आणि भाईजान हज करून आले होते, आणि घरातल्या जमजमच्या बाटल्याही वाटून संपल्या होत्या.

आमच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेवलेले शेअर्स मात्र आम्ही थोडे थोडेच विकणार आहोत. ती रक्कम एका दिवशी लागणार नाही. वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या शेअर्सवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा दर आर्थिक वर्षात करमुक्त असतो. त्यामुळे काही मार्चअखेर आणि काही एप्रिलमध्ये विकले तर ती सवलत दोनदा मिळते. प्रत्येक विक्रीच्या दिवशी डीमॅट खात्याचा आकार लागतो, म्हणून फार बारीक तुकडेही करायचे नाहीत. तारखा डायरीत लिहिल्या आहेत.

आता स्टाफरूममध्ये कोणी हा प्रश्न विचारला की आम्ही आधी उलट विचारतो, पैसे कोणाचे आहेत आणि कधी लागणार आहेत? मुलीची फी, घरातले आजारपण, कोणाची अमानत, म्हणजे तारीख ठरलेली असेल तर एकदम आणि तारखेच्या पुष्कळ आधी विकून मोकळे व्हावे. कंपनीवरचा विश्वासच उडाला असेल तरीही एकदम. पैसे आपले असतील आणि घाई नसेल तर खुशाल थोडे थोडे विकावेत, फक्त तारखा आधी लिहून.

हजहून आल्यावर एके दिवशी आम्ही अम्मींना त्या रात्रीचे खोटे सांगून टाकले. त्या म्हणाल्या, “मला कळलं होतं रे. तुम्ही दोघांनी पोळीच खाल्ली नव्हती.”