साठ मिलिलिटर

पाणबुडी करायला लागणारं निम्मं सामान ठिबकच्या दुकानात मिळतं. मुंबईच्या माणसाला ही थट्टा वाटेल, बीडच्या माणसाला वाटणार नाही. ७५ एमएमचा पाईप, एका तोंडाला कायमचं चिकटवायचं टोपण, दुसऱ्या तोंडाला आट्यांचं, फिरवून उघडता येणारं. सोल्युशनची डबी, टेफ्लॉनची पांढरी टेप आणि मूठभर ग्रोमेट. सबमेनला भोक पाडून लॅटरल जोडताना बसवतात ती काळी रबरी कडी म्हणजे ग्रोमेट. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे तिचं नेमून दिलेलं काम. बाहेरचं आत येऊ देऊ नकोस म्हटलं, तर तेही ती तितक्याच मुकाट्याने करते. उरलेलं निम्मं सामान गावभर विखुरलेलं असतं: जनावरांच्या डॉक्टरांकडची साठ मिलिलिटरची सिरिंज, सायकलच्या चाकाची तार, टायरच्या दुकानातलं शिसं, मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी.

नारायणगडाच्या भोवतालच्या आमच्या गावांतून समुद्र पाहिलेली माणसं कमी नाहीत. ऊसतोडीला, ट्रकवर, पोलिसात, पलटणीत माणूस कुठे कुठे जातो. पण पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. टँकरच्या खेपा येतात, रांगेतले हंडे येतात, बोअर किती फुटांवर लागलं ते येतं. सह्याद्रीने आपला वाटा ठेवून घेतल्यावर उरलासुरला पाऊस इकडे पोचतो, वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि तोही मर्जी असेल तेव्हा. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. क्रिकेटच्या धावा सांगाव्यात तसे हे आकडे तेव्हा पारावर सांगितले जात. अशा मुलखात पुतण्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाणबुडी ठेवायचं जाहीर केलं, तेव्हा वहिनींनी विचारलेला पहिला प्रश्न अगदी मुद्द्याचा होता: "आन् सोडायची कुठं?"

विज्ञान प्रदर्शनांचं आपलं एक ठरलेलं पंचांग असतं. धूर ओकणारा ज्वालामुखी, सिरिंज आणि सलाइनच्या नळ्यांवर चालणारा जेसीबी, पत्र्यावरच्या पावसाचं पाणी टाकीत नेणारं पुठ्ठ्याचं घर. पाणबुडीही असते, पण बहुधा बाटलीतली. पेनाच्या टोपणाला चिकणमातीचा गोळा लावायचा, काठोकाठ भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ते सोडायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली दाबायची. दाबली की टोपण तळाला, सोडली की वर. टोपणात अडकलेली हवा दाबाखाली आकसते, तेवढं पाणी आत शिरतं आणि टोपण जड होतं. पुण्याच्या आयुकात पूर्वी मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी असली टाकाऊतली खेळणी महाराष्ट्राच्या शाळाशाळांत पोचवली, त्याचे उपकार आमच्या पिढीच्या मास्तरांना विचारावेत. पण पुतण्याला बाटली दाबायची नव्हती. त्याची बोट स्वतःच्या मोटारीवर स्वतःच पाणी पिऊन बुडणार होती आणि स्वतःच ते ओकून वर येणार होती. पंखा फिरणार, सुकाणू वळणार. "काका, हात न लावता," हे त्याचं पालुपद.

हात न लावता हे काम किती चिवट आहे, ते वजनाला बसल्यावर कळतं. ७५ एमएमचा पाईप ४५ सेंटिमीटर कापला, तर टोपणांसकट त्याचं आकारमान साधारण दोन लिटर भरतं. म्हणजे बोट पाण्यात अधांतरी राहायची तर ती दोन किलोचीच हवी. आर्किमिडीजने सांगून ठेवलंय, त्यात घासाघीस नाही. पाईप, बॅटरी, मोटारी सगळं धरून काटा पाऊण किलोच्याही पुढे जात नाही. राहिलेलं सगळं वजन शिशाचं. चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला ठोकतात ते शिशाचे तुकडे टायरवाल्याने डबाभर काढून दिले. (शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि घरच्या चुलीवर ते वितळवण्याचा उद्योग पोराला मुळीच करू देऊ नये.) ते पाईपाच्या पोटाशी, अगदी तळाला बसवायचे. वर हवा, खाली शिसं. उलटं झालं तर बोट पाण्यात पडल्याबरोबर कूस बदलते आणि पोट वर करून तरंगते.

आता सिरिंज. गिअरच्या मोटारीने आट्यांचा गज फिरतो, गजावरचा नट दट्ट्याला मागे ओढतो आणि बोटीच्या नाकातल्या भोकातून पाणी आत येतं. साठ मिलिलिटर म्हणजे साठ ग्रॅम. दोन किलोच्या बोटीचं बुडणं आणि तरणं एवढ्यातच उरकायचं असतं. दट्ट्या मधोमध असताना वजन बरोबर जुळवलं, तर पुरा आत ढकलल्यावर बोट तीस ग्रॅम हलकी होते आणि पुरा ओढल्यावर तीस ग्रॅम जड. तीस ग्रॅम हलकी याचा अर्थ पाण्याच्या वर फक्त तीस घनसेंटिमीटर, काड्यापेटीएवढा मनोरा. शिशाचा एक तुकडा जास्त झाला तर तीही बुडाली. एक कमी झाला तर बोट सिरिंजभर पाणी पिऊनसुद्धा ढिम्म खाली जात नाही. हे जुळवणं किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चाललं होतं. गिऱ्हाइकं हातात पिशव्या घेऊन उभी, आणि दुकानदार आम्हाला सांगतोय, "दोन ग्रॅम काढा अजून."

खरा पेच पंख्याच्या दांड्याचा. दांडा आतल्या मोटारीपासून बाहेरच्या पंख्यापर्यंत जाणार, म्हणजे पाईपाला भोक आलं, आणि फिरत्या दांड्याभोवतीचं भोक कायमचं बुजवता येत नाही. पितळी नळीत ग्रीस ठासून त्यातून सायकलची तार न्यावी, असं आमचं ठरत आलं होतं. तेवढ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वेगळंच ज्ञान मिळालं. कारागीर बोअरची मोटार उघडून बसला होता. "हिच्यात पाणी भरूनच सोडतेत," तो म्हणाला. ते खरंच आहे. शेकडो फूट खोल बोअरमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या मोटारींपैकी बहुतेकींच्या पोटात पाणीच असतं. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेला प्लॅस्टिकचं आवरण, आणि मोटारीला गारवा द्यायला व बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी. पाण्याला अडवण्याची झटापट सोडून त्याला घरात घेतलं की भांडण मिटलं. छोट्या पाणबुड्या करणारे जगभरचे हौशी लोकही दोन पंथांचे असतात: काही सगळी बोट कोरडी ठेवतात, काही बॅटरी आणि सर्किट तेवढं कोरड्या डबीत घालून बाकी बोटीतून पाणी खुशाल वाहू देतात. खेळण्यातली साधी मोटार गोड्या पाण्यात फिरते. लवकर झिजते इतकंच. आम्ही पंख्याची मोटार उचलून पाईपाच्या बाहेर पाण्यात लावली. फिरता दांडा गेला; आत आल्या फक्त दोन वायरी, आणि वायर काही फिरत नाही. ग्रोमेट आणि एम-सील, काम फत्ते.

पहिली चाचणी जनावरांच्या हौदात. बैलांना दुपारचं पाणी पाजून झालं की हौद आमचा. इथे सिरिंजची एक गंमत पाहायला मिळते. दट्ट्या मागे येतो तेव्हा बाहेरचं पाणी सिरिंजमध्ये येतं, पण त्याच वेळी पाईपातल्या हवेला तेवढी जागा कमी पडते आणि ती दाबली जाते. त्यामुळे टोपण कुठे सैल असेल तर आधी पाणी आत जात नाही, हवा बाहेर येते: मोहरीएवढे बुडबुडे, एकाच रेषेत, एकाच जागेवरून. गळतीचा पत्ता बोट स्वतःच सांगते.

हौदात बोट बुडायची आणि वर यायची, झकास. मधे मात्र थांबायची नाही. पोराला वाटत होतं, दट्ट्या बरोबर मधोमध आणला की ती पाण्याच्या मध्यावर स्थिर राहील. विश्वामित्रालाही त्रिशंकूला अधांतरी ठेवायला सगळी तपश्चर्या पणाला लावावी लागली होती, आणि तिथे पाण्याचा दाब नव्हता. बोट जरा खाली सरकली की दाब वाढतो, मनोऱ्याच्या खाचेत अडकलेले हवेचे थेंब आकसतात, बोट किंचित जड होते आणि आणखी खाली जाते. वर सरकली तर उलटं. तोल साधला तरी तो सुटायला टपलेलाच. खऱ्या पाणबुडीतही हेच आहे. म्हणून ती सहसा चालत राहते आणि बाजूच्या आडव्या पंखांनी खोली सांभाळते. एका जागी थांबायचं तर पाणी थोडं आत, थोडं बाहेर असं अखंड करत राहावं लागतं. बुडायला आणि तरायला वजन पुरतं. मधे राहायला लक्ष लागतं.

आणि तरीही आमच्या विहिरीत ती मधे थांबली. शेततळं मी आधीच नाकारलं होतं. मेणकापडाच्या उतारावरून पाय घसरला तर पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही, आणि काठाला गाठीगाठीचा दोर बांधून ठेवण्याचं भान सगळ्यांना असतं असं नाही. म्हणून कठड्याची विहीर, बोटीला मासे धरायची नायलॉनची दोरी. दट्ट्या पुरा ओढलाच नव्हता; बोट सावकाश खाली गेली आणि हिरवट पाण्यात हातभर खोलीवर, कोणी फळीवर ठेवावी तशी, राहिली. उन्हाळ्यात विहिरीचं वरचं पाणी तापतं, खालचं गार असतं, आणि गार पाणी जड. वर तीस अंश आणि खाली पंचवीस असेल तर दर लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास फरक पडतो. दोन लिटरच्या बोटीला तीनेक ग्रॅमचा टेकू. तेवढ्यावर ती विसावली होती. समुद्रातही असे गार-गरम थर असतात. खऱ्या पाणबुड्या त्यांच्या आडोशाला लपतात, कारण शोधणाऱ्या जहाजाचा ध्वनी अशा थरावरून वाकून निघून जातो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरी १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली, २०१९ मध्ये खांदेरी, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या मालिकेतली सहावी, वागशीर. खांदेरी हे नाव महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेल्या सागरी दुर्गाचं. सुमारे साडेसदुसष्ट मीटर लांबीच्या त्या बोटींना जो हिशेब चुकत नाही, तोच इथे विहिरीत सायकलच्या तारेच्या सुकाणूसकट चालू होता.

हीच बोट अलिबागच्या किनाऱ्यावर नेली तर ती बुडणारच नाही. समुद्राचं पाणी लिटरमागे पंचवीस-एक ग्रॅम जड. आमच्या बोटीला तिथे पन्नास ग्रॅम जास्त लागतील आणि सिरिंजच्या पदरी जास्तीचे तीसच आहेत. पुतण्याने हे गणित वहीत दोनदा केलं आणि मग मोठ्या अभिमानाने सांगत सुटला की आपली पाणबुडी फक्त गोड्या पाण्याची आहे.

कोरड्या मुलखातल्या पोराला पाणबुडीचं वेड लागावं, यात मला आश्चर्य वाटत नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध पाणबुडीचा मालकही समुद्राकाठचा नव्हता. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा प्रिन्स डक्कर, सत्तावन्नच्या उठावात लढून हरलेला. हे व्हर्नने १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड केलं. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तेव्हा नेमो आमच्या वाचनालयांपर्यंत पोचला. बुंदेलखंड म्हणजे पाठीला पाठ लावून आलेला मराठवाड्याचा भाऊ: तेच दगड, तेच दुष्काळ, तेच गाव सोडून जाणारे तांडे. व्हर्नने नकाशावर बोट ठेवलं तेव्हा तिथला पाऊस पाहिला असेल असं नाही, पण ज्याच्या घरी पाणी मोजून वापरतात तोच माणूस पाणी आत किती घ्यायचं आणि बाहेर किती टाकायचं याचं यंत्र करत बसेल, हे मला पटतं. बीडबाहेरची खजाना बावडी बांधणारे सोळाव्या शतकातले लोकही याच हिशेबाचे. जमिनीखालून किती उताराने पाणी आणलं तर ते पोचेल आणि वाया जाणार नाही, एवढा एकच प्रश्न त्यांनी धरून ठेवला होता.

रिमोटचं तेवढं जमलेलं नाही. आजकालच्या खेळण्यांचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि ती लहर पाण्यात शिरल्याशिरल्या विरते. बोट वीतभर खाली गेली की बहिरी होते. जुन्या २७ किंवा ४० मेगाहर्ट्झच्या खेळण्यांचे संदेश गोड्या पाण्यात बरेच खाली पोचतात. खऱ्या पाणबुडीशी बोलायला तर याहून फारच संथ लहरी लागतात; त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाने १९९० मध्ये कट्टबोम्मन केंद्र उभारलं, आणि तिथून पाठवलेला संदेशही समुद्रात थोड्याच खोलीपर्यंत उतरतो. आमच्याकडे सध्या वायर आहे. पुतण्याच्या मते वायर म्हणजे हात लावण्यासारखंच झालं, आणि त्यावरून त्याचं माझ्याशी बिनसलं आहे.

मधल्या काळात बोटीला गावातून मागणी आली. आषाढीला गडावर, आमच्या धाकट्या पंढरीला, निघालेले आप्पा विहिरीपाशी थांबले. कठड्यावरून बराच वेळ खाली बघत होते.

"काय करायलाय हे?"

पुतण्याने सगळं सांगितलं, साठ मिलिलिटरसकट. आप्पांनी ऐकून घेतलं.

"हिला बॅटरी लावता येती का म्होरं? उजेडाची? आन् मोबाइलवानी कॅमेरा?"

"येती की."

"मग आमच्या हिरीत सोड. मोटार हवा धरायलीय. फूटव्हॉल्व्हला गाळ बसलाय का झराच आटलाय, तेवढं बघून सांग. माणूस उतरवायचा तर सातशे मागतोय."

कॅमेऱ्याचा डबा बाहेर लावायचा तर बोटीचं आकारमान वाढणार, म्हणजे शिसंही वाढवावं लागणार. पुतण्या आप्पांसमोरच वही काढून बसला. कॅमेऱ्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर अजून बोलणी चालू आहेत. आप्पा तीनशेवर अडून आहेत.