तळ फोडलाच पाहिजे

आमचं सॅन होजेचं घर १९६०च्या दशकातलं, आणि परसातला स्विमिंग पूलही जवळजवळ तितकाच जुना. पंधरा बाय तीस फूट, सरासरी साडेपाच फूट खोल. म्हणजे साधारण ७० हजार लिटर पाणी. मुलं त्यात पोहायला शिकली आणि शिकून घराबाहेर पडली. मागे राहिला पंपाचा खर्च, क्लोरीन आणि तळाला गेलेल्या चिरा. नातू चालायला लागला तेव्हा निर्णय पक्का झाला. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे आहे. मला कुंपणाच्या भरवशावर राहायचं नव्हतं.

पूल बुजवायचा, हे मत कायम राहिलं. बदललं ते कसा आणि कोणाकडून, याबद्दलचं.

गावाकडे विहीर बुजवणं चांगलं मानत नाहीत. मला ती टोचणी नव्हती. इथे कुठला झरा, सगळं नळाचं पाणी. खड्ड्यात माती टाकली की संपलं, असं मी धरून चाललो होतो. पहिला माणूस नेमकं हेच म्हणाला: कडा फोडतो, राडारोडा आत ढकलतो, वर माती, त्यावर हिरवळ. परमिट नको, निम्मे पैसे आगाऊ. परमिट म्हणजे नगरपालिकेची कमाई, असं मलाही वाटायचं. त्याचं कोटेशन मला पटलं होतं.

दुसऱ्या कंत्राटदाराचं जवळपास दुप्पट होतं. कशासाठी, असं विचारल्यावर त्याने मलाच विचारलं, पावसाचं पाणी जाणार कुठे? विहीर खोदतात ती पाणी आत यावं म्हणून. पूल बांधतात तो पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. तळ शाबूत ठेवून वर माती भरली, तर ती खाली भोक नसलेली कुंडीच. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात, जमीन चिकणमातीची. पाणी आत साचणार, मातीचा चिखल होणार, हिरवळ खचणार, आणि तिथेच पोरं खेळणार.

मग मातीचा हिशेब. दहाचाकी ट्रकच्या नऊ-दहा खेपा, दाबून भरायची तर त्याहून जास्त. एकदम ओतलेली माती पुढे कित्येक वर्षं बसत राहते. म्हणून आठ-दहा इंचांचा थर, बेताचं पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. आणि मातीचा इंजिनिअर दाबणी तपासणार. साधारणपणे ९० टक्के मागतात. पूल रिकामा करणंसुद्धा साधं नाही. क्लोरीनचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडायचं नाही, कारण ते प्रक्रियेविना ओढ्यातून उपसागरात जातं. सांडपाण्याच्या लाइनमध्येच सोडावं लागतं. शिवाय भूजल वर आलेलं असेल तर रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो, म्हणून काम कोरड्या दिवसांत. पहिल्याने यातलं काहीच काढलं नव्हतं.

परमिटबद्दलचं मतही तेव्हाच फिरलं. तळ फोडून झाल्यावर आणि माती पडण्याआधी इन्स्पेक्टर येतो. त्यानंतर खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. त्या एका नजरेची फी मला आता मुळीच जड वाटत नाही. आगाऊ पैशांचंही तसंच: कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारावर कंत्राटदाराला दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी तेवढंच आधी घेता येतं. निम्मे मागणारा माणूस तिथेच नाकारायला हवा, असं आता मी ओळखीच्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

सगळं काँक्रीट काढून पूल बुजवला. खर्च फार झाला, हे बायकोचं म्हणणं मला मान्य आहे. पण इथे घर विकताना भरायच्या फॉर्ममध्ये जागेत कुठे भराव घातला आहे का, असा प्रश्न असतो. तिथे मी ‘हो’ लिहीन आणि फोडलेल्या तळाचे फोटो, दाबणीचा अहवाल आणि इन्स्पेक्टरच्या सहीचा कागद सोबत जोडेन.